गायन पार्टीचा बेस अ‍ॅम्प : एका हंगामातला बिघाड, तुलना आणि निवड

परभणी जिल्ह्यातली भीमगीतांची एक गायन पार्टी. दोन गायक, एक गायिका, कोरस, हार्मोनियम, ढोलकी, बेंजो, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि पाच तारांचा अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवरचा प्रीअ‍ॅम्प असलेला) बेस गिटार. हंगाम १४ एप्रिलला सुरू होतो आणि मे संपेपर्यंत चालतो, कारण प्रत्येक गाव आपल्या सोयीच्या तारखेला जयंती करतं. आज गंगाखेड, उद्या जिंतूर, परवा हिंगोलीकडची एखादी वाडी. सामान पिकअपमध्ये. वीज कधी खांबावरून, कधी मंडपवाल्याच्या जनरेटरवरून.

पार्टीकडे बेससाठी दोन अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) होते. एक जुना कॉम्बो: एकाच पेटीत १५ इंची स्पीकर आणि क्लास एबी (जुन्या धाटणीचा) अ‍ॅम्प, ४ ओहमवर २०० वॉट, आत वजनदार लोखंडी ट्रान्सफॉर्मर, उचलायला दोन माणसं. दुसरं हलकं क्लास डी (नव्या धाटणीचं) हेड, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प, ४ ओहमवर ५०० वॉट, एका हातात मावणारं, सोबत ८ ओहमची दोन-दहाची कॅबिनेट, म्हणजे दोन दहा इंची स्पीकरची पेटी. एका हंगामात दोन्ही अडचणीत आले. हेड एका गावात कार्यक्रम चालू असताना वारंवार बंद पडलं आणि दुसऱ्या गावात कायमचं गेलं. कॉम्बोचा आवाज अधूनमधून गायब व्हायचा आणि मागून थाप मारली की परत यायचा. पार्टीपुढे प्रश्न होता: पुढच्या हंगामाला कोणता अ‍ॅम्प घ्यायचा, जुन्या धाटणीचा जड की नव्या धाटणीचा हलका?

प्रश्न असा मांडला की उत्तर चुकतं. वजन, आवाज आणि टिकाऊपणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींची कारणंही वेगळी आहेत.

आवाज: आधी कॅबिनेट एक करा, मग कान लावा

बहुतेक ठिकाणी तुलना अशी होते: कॉम्बोवर दोन मिनिटं वाजवलं, हेडवर दोन मिनिटं वाजवलं, आणि जो थोडा मोठा वाजला तो ‘भरदार’ ठरला. एक डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा’ म्हणून कळत नाही, ‘चांगला’ म्हणून कळतो. शिवाय एकीकडे १५ इंची स्पीकर आणि दुसरीकडे दोन दहा इंची. म्हणजे ऐकू येणारा फरक अ‍ॅम्पचा नसतो, पेटीचा असतो.

इथे कॉम्बोच्या आतल्या स्पीकरची वायर काढून त्याचं आउटपुट त्याच दोन-दहाच्या कॅबिनेटला दिलं. बेस तोच, तारा त्याच. फोनमधल्या टोन जनरेटरमधून १०० हर्ट्झचा सूर दोन्ही अ‍ॅम्पमधून आळीपाळीनं सोडला आणि कॅबिनेटपासून एक मीटरवर डेसिबल मीटर ठेवून पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवली. फोनचं मीटर खरा आकडा दाखवेल याची खात्री नसते, पण दोन वाचनांची तुलना करायला ते पुरतं. मग वादकाला पाठ करून बसवलं.

पहिल्या फेरीत फरक ठळक होता: कॉम्बो गुबगुबीत, हेड कोरडं. कारण अ‍ॅम्पच्या जातीत नव्हतं, टोनच्या नॉबमध्ये होतं. कॉम्बोचं टोन सर्किट जुन्या फेंडर पद्धतीचं पॅसिव्ह (पट्टी फक्त कमी करू शकणारं) आहे. त्यात बेस, मिड, ट्रेबल तिन्ही नॉब बाराच्या काट्यावर ठेवले की आवाज ‘सपाट’ होत नाही, मधली पट्टी खोल दबते. या सर्किटची सपाटाच्या सर्वांत जवळची जागा म्हणजे बेस आणि ट्रेबल जवळपास शून्यावर, मिड पूर्ण दहावर. हेडचे नॉब अ‍ॅक्टिव्ह असल्यानं त्यांचा मध्य खरोखरच मध्य आहे. कॉम्बोचे नॉब असे फिरवून पातळी पुन्हा जुळवली, तेव्हा ‘हा कोणता’ हे वादकाला खात्रीनं सांगता येईना.

तरी एक फरक उरला आणि तो खरा होता. पाचव्या तारेचा खुला बी म्हणजे जेमतेम ३१ हर्ट्झ, चौथ्या तारेचा खुला ई ४१ हर्ट्झ. बी वाजवला की कॉम्बोमधून कोन डोळ्यांना दिसेल इतका आत-बाहेर व्हायचा, हेडमधून तितका नाही. हेडमध्ये ३५ हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर गाळणारा) बसवलेला आहे, जुन्या कॉम्बोत नाही. जड अ‍ॅम्पचा जो ‘वजनदार’ आवाज म्हणून गौरव होतो, त्यातला बराच भाग या न गाळलेल्या खालच्या पट्टीचा असतो. बंद खोलीत ती सुखावते. उघड्या मैदानात भिंती नाहीत, त्यामुळे ती ऐकू येत नाही, पण अ‍ॅम्पचे वॉट खाते आणि कोन हलवत राहते. पोर्टवाल्या (हवेसाठी भोक ठेवलेल्या) कॅबिनेटमध्ये तर ते भोक ज्या सुराला जुळवलेलं असतं त्याच्या खाली गेलं की कोनाला आतल्या हवेचा आधार राहत नाही. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली जायचं तर कोनाला चौपट हलावं लागतं, हे गणित कोणत्याही अ‍ॅम्पला चुकत नाही. म्हणून मंचावर फिल्टर हवाच.

दुसरा खरा फरक जोरात वाजवल्यावर दिसला. लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणि मोठे फिल्टर कॅपॅसिटर असलेला अ‍ॅम्प क्षणभरासाठी छापील वॉटच्या थोडा वर जातो आणि मग आवाज खरखरायला लागतो. ती खरखर बेसला कधीकधी शोभतेही. हेडचा लिमिटर (मर्यादेबाहेरचा आवाज रोखणारं सर्किट) मात्र आवाज दाबतो: फाटत नाही, पण ठोक बसत नाही. ढोलकीच्या बरोबरीनं ठोक हवा असेल तर हेडचा गेन (आत येणाऱ्या सिग्नलचा नॉब) कमी आणि मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) जास्त ठेवावा, म्हणजे क्लिपचा दिवा फक्त सर्वांत जोरदार फटक्याला मिणमिणेल.

वॉटबद्दल थोडक्यात. २०० वरून ४०० वॉट म्हणजे फक्त ३ डेसिबल. तेवढेच ३ डेसिबल जास्त सेन्सिटिव्हिटीची (तेवढ्याच वॉटवर मोठी वाजणारी) कॅबिनेट घेऊनही मिळतात, आणि ते व्होल्टेज पडलं तरी टिकतात. ५०० वॉटचं हेड ८ ओहमवर साधारण अडीचशे-तीनशेच देतं. दोन-दहाच्या एकाच कॅबिनेटवर ‘माझ्याकडे ५००’ म्हणण्यात अर्थ नाही.

व्हॉल्व्हवाल्या (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पचा विषय निघतोच. १९६९ साली आलेला अँपेग कंपनीचा एसव्हीटी, ३०० वॉटचा, आठ स्पीकरच्या (प्रत्येक दहा इंची) कॅबिनेटसह, आजही रॉक बेसच्या आवाजाचा मानदंड मानला जातो. पण ते हेड उचलायला पैलवान लागतो. त्याला स्पीकर न जोडता वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि पिकअपच्या हादऱ्यांत व्हॉल्व्ह टिकवणं हा वेगळा उद्योग आहे. गायन पार्टीसाठी हा पर्याय नाही.

पहिला बिघाड: हेड बंद पडणं

जिंतूर रस्त्यावरच्या एका गावात हेड दर काही मिनिटांनी ‘टक’ करून बंद पडायचं आणि दोन सेकंदांनी आपणच सुरू व्हायचं. आधी संशय गरमीवर गेला, कारण दुपारी पारा ४३ च्या घरात होता. पण ध्वनिवर्धकाची वेळ रात्री १० पर्यंत, खास परवानगी असेल तर १२ पर्यंत, आणि बिघाड रात्री ८ नंतरचा. पंखा फिरत होता, पेटी हाताला कोमट होती.

मल्टिमीटर मंचावरच्या सॉकेटला लावला. लाइटा बंद असताना २२१ व्होल्ट, लाइटा लावल्यावर १८८, आणि बेसचा मोठा फटका बसला की काटा आणखी खाली. मंचाला खांबावरून ९० मीटर लांब, १.५ चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची केबल आली होती. अशा तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १३.३ ओहम. जाऊन-येऊन १८० मीटर म्हणजे जवळपास २.४ ओहम. त्याच तारेवर ३००० वॉटचे हॅलोजन. गणितानं मंचावर १९५ च्या आसपास मिळायला हवे होते. उरलेले ७ व्होल्ट खांबावरच्या घसरणीत आणि पिळून टेप मारलेल्या तीन जोडांत गेले. एका जोडावरची टेप वितळून बोटाला चिकटत होती.

मंडपवाल्याचं म्हणणं साधं होतं, ‘‘लाइटी लागल्यात की सगळ्या, भाऊ. मग लाइन बरोबरच हाय ना?’’ हॅलोजन १८० लाही जळतो, जरा पिवळा दिसतो इतकंच. हेडमधल्या स्विचिंग सप्लायचं (वीज वेगानं चालू-बंद करून हवं ते व्होल्टेज बनवणाऱ्या सर्किटचं) तसं नाही. त्याला ठरावीक वॉट हवे असतात, त्यामुळे व्होल्टेज पडलं की तो जास्त अँपिअर ओढतो, त्यानं तारेवर आणखी व्होल्ट पडतात, आणि ठरलेल्या मर्यादेखाली गेला की स्वतःला बंद करतो. या हेडची ती मर्यादा १८० च्या जवळ निघाली. बंद झाल्यावर ओढ थांबते, व्होल्टेज वर येतं, हेड परत सुरू होतं, पुढच्या फटक्याला परत बंद. दोष हेडमध्ये नव्हता. उलट त्यानं स्वतःला वाचवलं.

जुना कॉम्बो तिथे बंद पडला नसता, हे खरं. पण तो २०० वॉटचाही राहिला नसता. वॉट व्होल्टेजच्या वर्गानं पडतात: १८८ भागिले २३०, त्याचा वर्ग म्हणजे ०.६७, म्हणजे १३४ वॉट. वादक मग नॉब वर नेतो, आवाज फाटतो, आणि फाटलेल्या आवाजावर स्पीकरची कॉइल तापते. हेडचा बिघाड लगेच ऐकू येतो, कॉम्बोचा हळूहळू साठतो.

उपाय अ‍ॅम्प बदलणं हा नव्हता. आवाजाच्या यंत्रणेसाठी खांबापासून वेगळी २.५ चौरस मिलिमीटरची तार, हॅलोजन दुसऱ्या तारेवर, आणि पिळलेल्या जोडांऐवजी प्लग-सॉकेट. या जाडीच्या तारेचा रोध किलोमीटरला ८ ओहमपेक्षा किंचित कमी आहे. त्या ९० मीटरवर केवळ वाद्यांचा भार ठेवला तर घसरण ५-७ व्होल्टच्या पुढे जात नाही.

दुसरा बिघाड: तुटलेला न्यूट्रल

हा मात्र जीवघेणा. दुसऱ्या गावात थ्री-फेज जनरेटर होता. एका फेजवर रोषणाई, दुसऱ्यावर आवाज. गाणं चालू असताना एका बाजूचे हॅलोजन एकाएकी पिवळे पडून मंदावले. सगळ्यांना वाटलं, जनरेटर दमला. त्याच क्षणी कीबोर्डचा अ‍ॅडाप्टर गेला आणि काही सेकंदांत हेडमधून जळका वास आला.

जनरेटरच्या टर्मिनलवर न्यूट्रलचा (सगळ्या फेजच्या परतीच्या सामायिक तारेचा) नट ढिला होऊन तार सुटली होती. न्यूट्रल सुटला की दोन फेजवरचे भार ४०० व्होल्टवर एकमेकांच्या मालिकेत येतात आणि व्होल्टेज रोधाच्या प्रमाणात वाटलं जातं. रोषणाईकडे ३००० वॉट म्हणजे रोध सुमारे १८ ओहम, आवाजाकडे १००० वॉट म्हणजे सुमारे ५३. ज्याचा भार हलका त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट. म्हणून हॅलोजनला १०० आणि वाद्यांना ३००. एका फेजचे दिवे मंद होणं हीच धोक्याची खूण होती, पण ती खूण ओळखणारं मंचावर कोणी नसतं.

हेड उघडल्यावर इनपुटजवळचा निळा व्हॅरिस्टर कोळसा होऊन फुटलेला, ५ अँपिअरचा फ्यूज काळा, सप्लायमधले स्विचिंग मॉस्फेट (चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) शॉर्ट. व्हॅरिस्टर विजेच्या क्षणिक उसळीसाठी असतो. सतत ३०० व्होल्ट म्हणजे ४२४ चं शिखर, ते त्याला तापवून शॉर्ट करतं. मग फ्यूज उडतो, पण तोवर मॉस्फेट गेलेले असतात.

इथेच ‘जुनी वस्तू दणकट’ ही समजूत तपासायला हवी. कॉम्बो त्या दिवशी पिकअपमध्येच होता म्हणून वाचला. त्याचे आतले सप्लाय अधिक-उणे ५० व्होल्टचे, आणि ३०० च्या लाइनवर ते ६५ झाले असते. त्याच्या फिल्टर कॅपॅसिटरवर छापलंय ६३. ट्रान्सफॉर्मर चुंबकीय संपृक्ततेत जाऊन गुरगुरला असता आणि नशीब चांगलं असेल तर फ्यूज आधी गेला असता. फरक एवढाच की कॉम्बो परभणीत दुरुस्त झाला असता.

दुरुस्ती कुठे होते, हा खरा टिकाऊपणा

क्लास एबीच्या आउटपुटला बहुधा ५२०० आणि १९४३ या ट्रान्झिस्टरची जोडी असते. मराठवाड्यात तालुक्याच्या गावातही पीए (लोकांपुढच्या आवाजाच्या यंत्रणेचे) अ‍ॅम्प दुरुस्त करणारा मेकॅनिक ही जोडी डोळे झाकून बदलतो. काम ठरलेलं: शॉर्ट जोडी काढायची, सोबतचे ०.२२ ओहमचे पांढरे सिमेंट रेझिस्टर आणि ड्रायव्हर तपासायचे, अभ्रकाची चकती नवी घालून थर्मल पेस्ट लावायची, पहिल्यांदा १०० वॉटचा बल्ब मालिकेत ठेवून चालू करायचं. बल्ब क्षणभर उजळून विझला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर अजून शॉर्ट आहे. मग स्पीकर न जोडता आउटपुटला डीसी मोजायचा, तो ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. शेवटी ०.२२ ओहमवर ५ ते १० मिलिव्होल्ट मिळतील असा बायस (आवाज नसतानाही वाहणारा थोडा करंट) लावायचा.

अडचण बनावट मालाची. खऱ्या ५२०० ची मर्यादा २३० व्होल्ट, १५ अँपिअर. वरचा छाप तोच, पण आतली चिप छोटी असलेले नग सर्रास मिळतात आणि ते पहिल्याच जोराच्या कार्यक्रमात जातात. या कॉम्बोत पूर्वी तशीच जोडी बसली होती. बदललेला नग मेला असेल तर फोडून बघावा, चिप तांदळाच्या दाण्याएवढी निघाली की दुकानदाराला दाखवावी. एकाच खेपेतले नग घ्यावेत, आणि शक्य असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भरवशाच्या दुकानातून मागवावेत.

हेडचं तसं नाही. पाटीवर चिकटलेले बारीक एसएमडी भाग, सर्किटचा नकाशा मिळत नाही, आणि दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा पूर्ण बोर्ड बदलणं. जास्त व्होल्टेजनं गेलेला माल वॉरंटीत बसवून घेणं अवघड. सिरीज बल्बची युक्तीही इथे फसवते: स्विचिंग सप्लाय बल्बमागे नीट सुरू होत नाही, लुकलुकत राहतो, आणि चांगलं हेडही बिघडल्यासारखं दिसतं. आणखी एक. क्लास डीच्या बऱ्याच हेडचं स्पीकर आउटपुट ब्रिज पद्धतीचं असतं, म्हणजे दोन्ही टोकं जिवंत. मेकॅनिकनं सवयीनं त्यातलं एक बॉडीला टेकवलं की चांगलं हेड टेबलावरच जातं. दुरुस्तीला देताना हे तोंडानं सांगून, वर चिठ्ठी चिकटवून द्यावं.

कॉम्बोचा ‘थापेवर चालणारा’ आवाज मात्र क्षुल्लक निघाला. मागे इफेक्ट लूपचे (बाहेरचं इफेक्टचं यंत्र मध्ये जोडण्यासाठीचे) सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक आहेत. काही जोडलेलं नसतं तेव्हा सिग्नल रिटर्न जॅकच्या आतल्या स्प्रिंगच्या पट्टीवरून पुढे जातो. वर्षानुवर्षं न वापरलेल्या त्या पट्टीवर धूळ आणि काजळी बसते. ओळखायची पद्धत: सेंडमधून रिटर्नला एक छोटी गिटार केबल लावा. आवाज स्थिर झाला तर दोष पट्टीचाच. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर केला की मोकळं होतं, आणि मंचावर वेळ नसेल तर ती छोटी केबल तशीच राहू द्यावी. यासोबत इनपुट जॅकच्या पायांशी टाक्याला गोल तडा गेलेला होता. बोर्डालाच जॅक टेकलेले असले की पिकअपच्या हादऱ्यानं हे होणारच. टाके नव्यानं मारले, ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट आवळले, मोठ्या कॅपॅसिटरना बुडाशी सिलिकॉन लावलं.

गरमीबद्दल दोनच गोष्टी. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला अंदाजे निम्मं होतं, त्यामुळे दुपारी ५ च्या साउंड चेकला काळी पेटी उन्हात ठेवणं हा तिच्या आयुष्यातून कापलेला तुकडा आहे. आणि हेडच्या छोट्या पंख्याची जाळी एप्रिलमधल्या काळ्या मातीच्या धुळीनं आठवड्यात भरते. ब्रशनं साफ करताना पंखा बोटानं धरून ठेवावा, ब्लोअरच्या झोतात तो मोकळा फिरू देऊ नये.

काय ठरलं

पार्टीनं नवं हेड घेतलं, क्लास डीच, आणि कॉम्बो दुरुस्त करून जोडीला ठेवला. निवडीला वजन हेच मुख्य कारण. आवाज कॅबिनेट आणि नॉबवर जुळवता येतो आणि वीज कोणत्याच अ‍ॅम्पला सोडत नाही, मग रोज रात्री दोन माणसांची कंबर का मोडायची? पण हेडच्या आधी दोन वस्तू घेतल्या गेल्या, आणि या प्रकरणात हेडपेक्षा त्यांचं महत्त्व जास्त आहे.

पहिली, स्वतंत्र पॅसिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे बेसचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणारी डबी. आधी मिक्सरला जाणारी लाइन हेडच्या मागच्या डीआयमधून जात होती. हेड मेलं की लोकांपुढचा बेसही मेला. प्रेक्षक मंचावरचा अ‍ॅम्प ऐकतच नाहीत, ते पीएच्या बास-पेट्या ऐकतात. अ‍ॅम्प असतो वादकासाठी आणि ढोलकीवाल्यासाठी. आता बेसची केबल आधी डीआय बॉक्समध्ये जाते, तिथून एक्सएलआर (तीन पिनची) केबल मिक्सरला आणि ‘लिंक’मधून दुसरी केबल अ‍ॅम्पला. बॉक्समध्ये फक्त ट्रान्सफॉर्मर आहे, वीज लागत नाही. अ‍ॅम्प गेला तरी गाणं थांबत नाही. पॅसिव्ह पिकअपचा बेस असता तर अशा बॉक्सनं ट्रेबल थोडं खाल्लं असतं आणि अ‍ॅक्टिव्ह बॉक्स बरा पडला असता. या बेसमध्ये ९ व्होल्टचा प्रीअ‍ॅम्प असल्यानं प्रश्न आला नाही. भुणभुण आली तर बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या केबलचा अर्थ तोडणारा स्विच) दाबायचा. प्लगची अर्थिंगची पिन कापायची नाही, मग भुणभुण कितीही का असेना, कारण पुढे गायिकेच्या ओठाला माइक लागतो.

दुसरी, विजेचा डबा. पत्र्याच्या पेटीत १६ अँपिअरचा डबल पोल एमसीबी (जास्त भाराला आपोआप पडणारा स्विच), सी कर्व्हचा, कारण लोखंडी ट्रान्सफॉर्मर चालू होताना मोठा झटका ओढतो आणि बी कर्व्ह उगाच पडतो. त्यापुढे व्होल्टेजचा आकडा दाखवणारा ४० अँपिअरचा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, मग तीन सॉकेट. पेटीला १५ मीटरची २.५ चौरस मिलिमीटर तीन-कोअर केबल. हेड, कॉम्बो आणि कीबोर्ड यातूनच चालतात. प्रोटेक्टरची वरची मर्यादा २५५, तिथे तडजोड नाही. खालची मुद्दाम १७० ठेवली, कारण कमी व्होल्टेजनं हेड बंद पडतं, मरत नाही, आणि प्रोटेक्टर पडला की गाण्याच्या मधोमध त्याची ३० सेकंदांची थांबण्याची वेळ भरावी लागते. रिलेचा स्टॅबिलायझर विचारात घेतला होता. तो पायऱ्या बदलताना टकटकतो आणि जनरेटरचं व्होल्टेज झोके घेत असेल तर सतत बदलत राहतो, म्हणून सोडला.

गावात पोचल्यावर जोडणीचा क्रम आता ठरलेला आहे. डब्याला काही न जोडता फेज-न्यूट्रल मोजायचं, मग रोषणाई लावायला सांगून परत मोजायचं. आकडा १०-१५ व्होल्ट पडला तर तार बारीक किंवा लांब आहे. आणि रोषणाई लावल्यावर आपल्या सॉकेटचा आकडा *वाढला*, तर न्यूट्रल ढिला आहे, काही जोडायचं नाही, आधी जनरेटरचा नट आवळायचा. मग न्यूट्रल-अर्थ, तिथे २-३ व्होल्टपर्यंत चालतं. फेज-अर्थला २३० ऐवजी १४०-१५० दिसलं तर अर्थिंग नावालाच आहे. मे महिन्यात काळी माती तडकून कोरडी झालेली असते, त्या भेगेत ठोकलेली सळई हवेतच उभी असते. दीड-दोन बादल्या मीठ-पाणी ओतून सळई पुन्हा ठोकली की आकडा बहुधा सुधारतो. हेडच्या मागे ११५/२३० चा सरकता स्विच आहे, तो २३० वर ठेवून वर चिकटपट्टी मारली आहे. प्रवासात घासून तो ११५ वर सरकला तर प्रोटेक्टर काही करू शकत नाही, कारण लाइन बरोबरच असते.

मंचावरची मांडणी: पोकळ फळ्यांवर कॅबिनेट थेट ठेवली की फळ्याच वाजतात आणि १०० हर्ट्झच्या आसपास नुसता गडगडाट होतो, म्हणून खाली दाट फोमचा जाड तुकडा. हेडवर हाय-पास चालू, बेस मध्यावर, २५० हर्ट्झ ३ डेसिबल खाली, ८०० च्या आसपास २-३ डेसिबल वर. एकट्यानं ऐकलं तर हा आवाज नाकातला वाटतो. ढोलकीच्या डाव्या पुडीचा घुमारा सुरू झाला की बेसचा सूर कळायला हीच पट्टी कामी येते.

कॉम्बो मागे चालू ठेवलेला असतो, मास्टर शून्यावर. हेड गेलं तर डीआयच्या लिंकची केबल काढून कॉम्बोत लावायची आणि मास्टर वर. सोबतच्या पिशवीत हेडचे आणि कॉम्बोचे फ्यूज वेगवेगळ्या डब्यांत, वर अँपिअर आणि ‘स्लो’ लिहून. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याला पार्टीत सक्त मनाई आहे.

राहिलेली त्रुटी खालच्या बीची. एका दोन-दहाला उघड्या मैदानात ३१ हर्ट्झ झेपत नाही आणि फिल्टरही तो कापतो. मंचावर वादकाला त्याचा वरचा, ६२ हर्ट्झचा भागच ऐकू येतो. पीएच्या मोठ्या पेट्या थोडा भरून काढतात. त्याच जातीची दुसरी ८ ओहमची कॅबिनेट घेतली तर दोन मिळून ४ ओहम होतात, हेड पूर्ण ५०० वॉट देतं आणि एकूण आवाज ६ डेसिबलच्या जवळ वाढतो. तिसरी जोडायची नाही, २.७ ओहमवर हे हेड बंद पडेल. आणि जोडताना दोन्हीकडे स्पीकॉनची (फिरवून लॉक होणाऱ्या स्पीकर प्लगची), १.५ ते २.५ चौरस मिलिमीटरची स्पीकर केबल वापरायची. गिटारची केबल दिसायला सारखी असते, पण तिची आतली तार केसाएवढी आणि त्यातून जायचे अँपिअर दहाच्या वर.